दहा टक्के वाढ

घरमालकाने भाडेकरूपुढे कधी वाकायचं नसतं, हे खांबेटेकाकांचं तत्त्व होतं. रविवारी सकाळी सातला ते त्यांनी आपली भाडेकरू तनुजा तांडेल हिला पुन्हा एकदा ऐकवलं, तिच्या सिंकखाली पाना घेऊन आडवे पडल्यापडल्या.

बदलापूरचा हा फ्लॅट कर्जाचा होता. भाडं आलं की तसंच हप्त्याला जायचं. मागे तो तीन महिने रिकामा राहिला, तेव्हा हप्ता पेन्शनमधून गेला आणि काकांची झोप त्याच्यामागून. आता तनुजाचा अकरा महिन्यांचा करार संपत होता. दहा टक्के वाढ मागायची म्हणून काका जिन्यातच आवाज कडक करून आले होते. पण हॉलमध्ये त्यांना दोरीने बांधलेली खोकी दिसली.

"वाढीचं आपण राहू देऊ," ते सिंकखालून म्हणाले.

तनुजा चहा गाळत राहिली.

"घराला नवा रंग लावून देतो."

तिने चहा कपात ओतला.

"आणि करारातलं ते शाकाहाराचं कलम... पापलेट चालेल. बांगडा मात्र खिडकी उघडून."

"काका, मी कुठेही जात नाहीये. खोकी भावाची आहेत, त्याची बदली झालीये." तनुजाने कप खाली, त्यांच्या हाताशी ठेवला. "वाढसुद्धा देते मी. फक्त दर रविवारी सातला येऊन हा धडधाकट नळ खोलत जाऊ नका."