टोपड्यावरून ठरवलेला रंग

सासूबाईंनी पाठवलेला फोटो त्याने मोठ्या स्क्रीनवर उघडला. चार दिवसांचं बाळ, डोक्याला टोपडं, डोळे मिटलेले. खाली लिहिलं होतं, 'पिवळट वाटतंय हो. दूधही नीट घेत नाही. तुम्हाला काय दिसतं?'

फोटो पिवळा होताच. पण पडदे ओढून खोलीत पिवळा दिवा लावल्यावर दुसरं काय होणार! स्टुडिओत त्याला सगळे 'लाँड्री' म्हणत. कुणाचाही पिवळा पडलेला फोटो तो स्वच्छ करून देई. त्याने नेहमीचंच केलं. फोटोत पांढरं काय आहे ते शोधलं, टोपड्यावर क्लिक केलं आणि कॉम्प्युटरला सांगितलं, हे पांढरं धर. क्षणात भिंत, चादर, बाळ, सगळ्यांवरचा पिवळेपणा उतरला. बाळ छान गुलाबी निघालं. त्याचा जीव भांड्यात पडला.

'दिव्याचा दोष, आई,' फोटो परत पाठवताना त्याने लिहिलं. 'डोळ्यांवर विसंबू नका, डोळे मोठे लबाड असतात. झोपू द्या त्याला.'

दुपारी बायकोचा फोन आला.

"तो फोटो तू कशावरून नीट केलास?"

"टोपड्यावरून. पांढरं तेवढंच होतं."



"ते पांढरं नाहीये रे. लिंबू रंगाचं आहे. अगदी फिकट."

"अगं, मी स्वतः पाहिलंय. पांढरंच आहे."

"त्या दिव्याखाली पाहिलंस. आम्हालाही तसंच वाटत होतं. आता खिडकीत धरलंय मी. टोपडंही आणि बाळालाही. डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं झालंय. हलवलं तरी जागं होत नाही. आई सकाळीच म्हणत होती दवाखान्यात जाऊ. मीच तिला गप्प केलं, त्याचं तर कामच आहे ते, म्हटलं. आम्ही निघालोय. तू ये."

सकाळपासूनचा सगळा वेळ आपण घालवला. बॅग समोर असून त्याला सापडेना.

शेजारच्या टेबलावरच्या बाई चहा घेऊन परत येत होत्या. त्याच्या स्क्रीनपाशी थांबून त्या कौतुकाने वाकल्या.

"अगंबाई, हेच का तुमचं बाळ? कसं गुलाबी गुलाबी आहे हो!"