न हलणारी कँडल

कँडल हलत नव्हती.

विनयने बोटाने शेअरचा चार्ट ओढला. तो सरकला, पण भलतीकडेच. थेट गेल्या दिवाळीत जाऊन थांबला. झूम केला तर एकच लाल पट्टी पडदाभर पसरली. काल खपून मारलेल्या रेघा गायब. सरासरीची निळी रेष मात्र कुणी न बोलावता हजर.

रिफ्रेश.

उजव्या टोकाची, ताज्या भावाची कँडल जिथल्या तिथे.

सकाळी अॅप उघडताच कसलीशी चौकट आली होती. ती रोजच येते. कधी कर्ज घ्या, कधी सोनं घ्या. त्याने न वाचताच फुली मारली होती.

“मैथिली, नेट गेलंय का?”

“नाही बाबा. मतलब, माझा व्हिडिओ तर चालतोय.”

व्हिडिओ चालत होता. खातीपुऱ्याच्या गल्लीत भाजीवाल्याचा भोंगा चालत होता. फक्त मैथिलीच्या प्रवेशाचे पैसे ज्या शेअरमध्ये होते, तोच चालत नव्हता. एफडी मोडून पैसे तिथे घातलेत, हे तिला ठाऊक नव्हतं. गिरिजालाही नव्हतं. दीडपट करायचे आणि गुपचूप परत ठेवायचे, असा बेत होता. शेअर रोज घसरत गेला. आज काही झालं तरी विकून मोकळं व्हायचं, असं त्याने ठरवलं होतं.

विका. बटण दाबलं. ‘ऑर्डर स्वीकारली नाही’ आणि पुढे आकड्यांचं कडबोळं.

रिफ्रेश. विका. नाही.

अॅप काढून टाकलं. पुन्हा घेतलं. पासवर्ड आठवेना. पासवर्ड आठवला. काळ्या रंगात गोठलेला चार्ट आता पांढऱ्या रंगात गोठला.

हेल्पलाइनवर एक गोड बाई सांगत होती, आमचे प्रतिनिधी सध्या उपलब्ध नाहीत. सांगत होती. सांगतच होती.

तेवढ्यात हॉस्पिटलमधून गिरिजाचा फोन. “अरे, मराठी मंडळाच्या रविवारच्या कार्यक्रमाचं निवेदन लिहिलंस का? मधुवंतीताई माझं डोकं खातायत.”

“लिहितो.”

“आवाज का असा?”

“ऊन आहे गं.”

“घरात?”

त्याने फोन ठेवला आणि स्कूटर काढली.

सोडाला भागात ब्रोकरची शाखा होती. म्हणजे पाटी होती. पाटीखाली शटर, शटरला कुलूप. डावीकडे झेरॉक्सवाला उघडा, उजवीकडे चष्म्याचं दुकान उघडं, रस्ता नेहमीसारखा खच्चून भरलेला.

“भैया, ये लोग कहाँ हैं?”

“पता नहीं जी,” झेरॉक्सवाला मान वर न करता म्हणाला. “आज खोला ही नहीं.”

पळाले.

चार्ट बंद, ऑर्डर बंद, फोन बंद, शटर बंद. पाठ टेकताच तापलेल्या शटरचा चटका बसला. तो तसाच टेकून राहिला. ही बातमी गिरिजाला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत आपणच सांगायला हवी. त्याने नंबर लावला.

“गिरिजा, मी एफडी मोडली. पैसे शेअरमध्ये घातले.”

पलीकडे कुणीतरी ‘डॉक्टरजी’ म्हणून हाक मारली. तिने ओ दिली नाही.

“मैथिलीची एफडी?”

“हो. ब्रोकर गाशा गुंडाळून पळालाय. सगळं गेलं.”

“परवा मी विचारलं तेव्हा म्हणालास, बँकेत आहेत. माझ्याकडे बघून म्हणालास.”

“चुकलो मी.”

“नुसते पैसे बुडाले असते तर एक वेळ मी गिळलं असतं, विनय.” तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. “मैथिलीला मी सांगते. तू आत्ता घरी येऊ नकोस.”

फोन कट.

तो शटरपाशीच खाली बसला. लोक वळून बघत पुढे जात होते. फोन पुन्हा वाजला. मैथिली. इतक्यात सांगितलंसुद्धा? त्याने डोळे मिटून फोन कानाला लावला.

“बाबा, तुम्ही कुठे? मम्मीचा कॉल येतोय सारखा, मी पुण्याच्या रणजितकाकांशी बोलत होते. ते म्हणाले, महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा. मी म्हटलं, आमच्या इथे तर तो रविवारी असतो! खूप हसले. मतलब, खरा आज असतो का? काकांना सुट्टी आहे. म्हणाले, आज शेअर बाजारच बंद.”