नळीतलं पाणी

भूजल खात्याच्या बाई टेप नळीत सोडताना मनातून धास्तावल्या होत्या. खात्याने फक्त पाण्याची पातळी मोजण्यासाठी वस्तीत घेतलेली ही बोअर, वीतभर तोंडाची. मागच्या उन्हाळ्यात तिच्यात पाणी बरंच वर दिसलं आणि बाईंच्याच अहवालावरून वस्तीचा टँकर बंद झाला. यंदा तर आसपासच्या सगळ्या विहिरींनी तळ गाठला होता. टेप वर आला. पाणी मागच्यापेक्षाही चढलेलं! बाईंना हायसं वाटलं. म्हणजे आपलं चुकलं नव्हतं. मग नळीभोवतीची माती त्यांना ओली दिसली.

“आजी, इथे कोणी पाणी ओतलं का?”

समोरच्या घराच्या पायरीवर बसलेली म्हातारी लाजून हसली. “ओळखलंस होय! अगं, तू एवढ्या उन्हाची पाणी बघायला येतेस. तुला कोरडी नळी दाखवायची म्हणजे बरं दिसतं का?”

“मागच्या वर्षीही ओतलं होतं?”

“तेव्हा काय, टँकर होता. चार हंडे ओतले की झालं. यंदा घरटी एकेक हंडा मागितला. सुना लांब नदीवरून आणतात, पण तुझ्यासाठी म्हटल्यावर एकीनेही तोंड वाकडं केलं नाही.” म्हातारीने आवाज खाली आणला. “दिसलं ना नीट? मग आता साहेबांना सांगून तेवढं टँकरचं बघ, बाई.”