सांगाड्यावरचा क्रमांक

निर्दोष माणसाजवळही कधीकधी निर्दोषत्वाचा पुरावा उरत नाही. बैलजोडी विकून सरहद्दीपलीकडच्या टांझानियातून आणलेली जुनी मोटारसायकल लुसुंगुने कारोंगा गावातल्या वाहन नोंदणी कचेरीत उभी केली. नंबरपाटी मिळाल्यावर गाडीवर पोती वाहूनच घर चालणार होते. तपासनिसाने हँडलखाली सांगाड्यावर कागद धरून पेन्सिल घासली. कोरलेला क्रमांक उमटला नाही. "नंबर कुठे गेला, दादा?" "पोती वाहताना सांगाडा मोडू नये म्हणून तिथे पट्टी जोडून घेतली, साहेब. वेल्डरने आधी जागा घासली." "चोरही तीच जागा घासतात." "खरेदीच्या पावतीवर आहे ना नंबर." "जुळवू कशाशी?" "मी चोर दिसतो?" "तू नाही. गाडी चोरीची दिसते." तपासनिसाने मान खाली घालून जप्तीची चिठ्ठी लिहिली. "बायकोला काय सांगू?" किल्ली टेबलावर ठेवून लुसुंगु चालत निघाला. परमेश्वर त्या पावलांना, आणि लिहिणाऱ्या हातालाही, सांभाळो.