पाठीचा रंग

चिमूरहून दिव्यानीला पाहायला आलेली पाहुणेमंडळी फाटकातच थबकली. घरची मांजर झुबकेदार शेपटी मिरवत त्यांना आडवी गेली होती.

"अगं बाई, काळी मांजर!" मुलाच्या आईनं उचललेलं पाऊल मागे घेतलं.

"काळी नाई जी," दिव्यानीची आई गुणाबाई काकुळतीला आली. "छाती पाहा ना, पांढरीशुभ्र आहे. चारही पाय पांढरे आहेत."

तेव्हा मुलगा पुढे झाला. तो वकील. मुलगी पाहायला भर उन्हात कोर्टाचा काळा कोट चढवून आलेला. त्यानं मांजरीचे लांब केस दुरूनच न्याहाळले आणि निकाल दिला, "पांढरं निस्तं समोरून दाखवाले आहे. पाठ काळी, शेपूट काळी, म्हंजे काळीच धरा लागते. पयले हिले जंगलात सोडून या, मंग बसू." एवढं बोलून त्यानं पाठ फिरवली.

गुणाबाईनं मांजर भरायला थैला आणला.

दारात उभी दिव्यानी सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, मांजर उचलून कडेवर घेतली आणि नवरदेवाकडे नीट पाहिलं. समोरून काय तो वीतभर शर्ट पांढरा दिसला होता. मागून माणूस मानेपासून गुडघ्यापर्यंत काळा.

"आई, या थैल्यानं नाई भागत," ती म्हणाली. "माझ्या वाटेत जे आडवं आलं, त्याले धानाचं पोतं लागते."