चौकाला एक फेरी

एन्कार्नाचा उभा जन्म स्पेनच्या सीमेवरच्या बदाखोस शहराजवळच्या गावात, स्वतःच्या बारच्या काउंटरमागे गेला. एकटीनं मोटरसायकलवरून स्पेन आणि पोर्तुगाल पालथं घालायचं, हा बेत तिनं कप विसळता विसळताच आखला. अखेर एका सकाळी बारला कुलूप ठोकलं, नकाशा पेट्रोलच्या टाकीवर चिकटवला आणि ती सुटली.

सीमेपलीकडे पहिल्याच पोर्तुगीज गावात ती कॉफीला थांबली. कॅफेची मालकीण ग्रासिंदा कप हातात धरून बाहेरच्या मोटरसायकलकडेच बघत राहिली.

“लग्नाआधी मीपण चालवायचे हो. चौकाला एकच फेरी मारून येऊ का? पण ही गिऱ्हाइकं...”

“अहो, मी आहे ना! जन्म गेलाय माझा यातच. जा बिनधास्त.”

एन्कार्नानं किल्ली दिली आणि खुंटीवरचा अ‍ॅप्रन सवयीनं कमरेला बांधला. कॉफ्या झाल्या, जेवणाची गर्दी झाली, संध्याकाळच्या वाइनीही झाल्या. दिवे लागले तरी चौकातून मोटरसायकलचा आवाज येईना.

शेवटचा ग्लास खाली ठेवत एका म्हाताऱ्यानं विचारलं,


“बाई, उद्या सकाळी जरा लवकर उघडाल का?”