भाविकपणाचा पुरावा

‘ते अखेरपर्यंत भाविक होते,’ असं चरित्रकाराने लिहिलं होतं. आधार काय, तर बाबांच्या पार्थिवाचा फोटो आणि हातांना गुंडाळलेली जपमाळ.

त्यांची मुलगी गोबनेट स्वयंपाकघरात चरित्रकारासमोर येरझारा घालत होती. आयर्लंडच्या यादवी युद्धात बिशपांनी बाबांसारख्या प्रजासत्ताकवाल्या बंडखोरांना बहिष्कृत केलं, तेव्हापासून बाबांनी चर्चची पायरी चढली नव्हती.

“अहो साहेब, आमच्या केरी परगण्यात नास्तिकालासुद्धा माळ गुंडाळूनच पुरतात! खोडा ते वाक्य. आई, सांग गं यांना, ती माळ तुझीच ना?”

“गुंडाळली मी,” आई म्हणाली. “पण माझी माझ्याजवळच आहे. गुंडाळली ती ह्यांच्या कोटाच्या अस्तरात सापडली. मणी पार झिजलेले.”

चरित्रकाराने पेन उघडलं.

“छापू नका,” आई म्हणाली. “माझ्यापासूनसुद्धा लपवलं होतं त्यांनी.”